बॅकयार्डमधली तेलाची टाकी: पहिल्या स्वीपपासून शेवटच्या पत्रापर्यंत

घर विकायला काढलं होतं. न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ, १९५६ साली बांधलेलं आणि आम्ही २०१४ मध्ये घेतलेलं तीन बेडरूमचं साधं घर. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, आणि ११ मार्च २०२३ ला शनिवारी सकाळी त्यांच्याकडून एक माणूस मेटल डिटेक्टर आणि गवत कापायच्या मशीनसारखं दिसणारं रडार घेऊन आला. याला इकडे टँक स्वीप म्हणतात, म्हणजे जमिनीत पुरलेली तेलाची टाकी शोधणं. तो मागच्या अंगणात वीस मिनिटं फिरला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबला, परत मागे गेला, परत थांबला आणि गवतावर नारिंगी स्प्रेने एक लांबट चौकोन काढला. मग बेसमेंटमध्ये येऊन त्याने भिंतीतून बाहेर आलेल्या, टोकं चेपून बंद केलेल्या दोन तांब्याच्या बारीक नळ्या दाखवल्या. नऊ वर्षं त्या नळ्यांशेजारी आमचा वॉशर होता आणि मी रोज त्या बघत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इकडची जुनी घरं हीटिंग ऑइलवर गरम व्हायची आणि ते तेल अंगणात पुरलेल्या लोखंडी टाकीत असायचं, बहुतेक ५५० गॅलनची, म्हणजे साधारण २०८० लिटर. पुढे गॅसची लाइन आली, लोकांनी बॉयलर बदलले आणि टाक्या तशाच जमिनीत राहिल्या. ओल्या मातीत लोखंड गंजतं, भोकं पडतात आणि टाकीत उरलेलं तेल वर्षानुवर्षं झिरपत राहतं. आम्ही घर घेतलं तेव्हा स्वीप केला नव्हता, कारण आमचा एजंट म्हणाला होता की घर गॅसवर आहे, गरज नाही. तेव्हा स्वीपला तीनेकशे डॉलर लागले असते. १९६५-७० च्या आधीचं कुठलंही घर बघत असाल तर कोणी काहीही सांगो, स्वीप करून घ्या, आणि भिंतीला चिकटून वर आलेला एखादा बिनकामाचा पाइप, गवतात गोल झाकण किंवा बेसमेंटमध्ये कापलेल्या तांब्याच्या नळ्या दिसतात का ते स्वतः बघा.

गिऱ्हाईकाने आठवड्याभरात माघार घेतली. मला त्यांचा राग नाही आला, मीही तेच केलं असतं. पण त्या रात्री आम्ही दोघं जागे होतो. न्यू जर्सीत १९७६ चा स्पिल ॲक्ट आहे आणि त्याचा आमच्यापुरता अर्थ वकिलाने एका वाक्यात सांगितला, की टाकी कोणी पुरली याला महत्त्व नाही, आज जमीन ज्याची त्याच्यावर साफ करायची जबाबदारी.

सगळ्यात आधी टाउनशिपमध्ये ओप्राचा अर्ज टाकला. हा इकडचा माहितीचा अधिकार, आणि सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घराची जुनी परमिट्स मागितली. १९८४ चं गॅस बॉयलरचं परमिट मिळालं, टाकी काढल्याचं किंवा वाळू भरून बंद केल्याचं काहीच नव्हतं. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं ती तशीच पडून होती. हा एक कागद पुढे इन्शुरन्सच्या वेळी फार कामाला आला, तो फुकट मिळतो, नक्की काढा.

मग टाकी काढायचं परमिट, ९५ डॉलर. खोदायच्या आधी ८११ ला फोन करून गॅस, पाणी, केबलच्या लाइनी मार्क करून घ्याव्या लागतात, त्याला तीन कामकाजाचे दिवस थांबावं लागतं. तारीख मिळाली १८ एप्रिल. त्याआधी ५ तारखेला बाबा तासगावहून सहा महिन्यांसाठी आले होते. आयुष्य द्राक्षबागेत आणि बोअरच्या मागे गेलेलं, त्यामुळे अंगणातला नारिंगी चौकोन बघून त्यांनी पहिलं विचारलं, "पाणी किती फुटावर लागतं गं हितं? आणि कुठल्या अंगाला सरकतं?" मला दोन्ही माहीत नव्हतं. मी तोपर्यंत फक्त पैशांचा विचार करत होते.

१८ तारखेला साडेसातला मशीन आलं. वरची माती काढली, टाकीला वरून चौकोनी भोक पाडलं, आत उरलेलं तेल-पाणी उपसून घेतलं, एक माणूस आत उतरून पुसून आला आणि मग साखळी बांधून टाकी वर ओढली. टाउनचा इन्स्पेक्टर उभा होता. टाकी हवेत असतानाच तिच्या बुडातून काळपट तेलाची बारीक धार माझ्या डोळ्यांसमोर पडली. खाली ठेवून फावड्याने गंज खरवडला तर बुडाच्या शिवणीजवळ एकोणीस भोकं निघाली, बहुतेक वाटाण्याएवढी, दोन मात्र अंगठा जाईल अशी. वरची माती इकडे लालच असते, विटकरी, पण खड्ड्याच्या तळाची माती करडी-हिरवट झाली होती. बाबांनी वाकून एक ढेकूळ उचललं, चुरडलं, नाकाशी नेलं आणि काही न बोलता मला दिलं. गावाकडे डिझेल इंजिनाच्या खोपीत यायचा तो वास, पण शिळा.

कॉन्ट्रॅक्टरने तिथूनच राज्याच्या पर्यावरण खात्याच्या, म्हणजे डीईपीच्या, हॉटलाइनला फोन केला. गळती दिसली की लगेच कळवणं बंधनकारक आहे, यात लपवाछपवीचा विचारही करू नका. फोनवर केस नंबर मिळतो आणि तो नंबर म्हणजे फोन केल्याची तारीख आणि वेळच असते. आमचा २३-०४-१८ ने सुरू होणारा. पुढचे नऊ महिने तो नंबर मला स्वतःच्या फोन नंबरसारखा पाठ होता. टाकी काढायचा खर्च, उपसा धरून, २,१०० डॉलर.

संध्याकाळी त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून फोन, की आजच सही करा, सगळं उकरून नेतो, ५५,००० डॉलर, उशीर केलात तर पसरेल. नवरा सही करायला तयार झाला होता. त्या फोननंतर घरात जे वातावरण होतं ते मी लिहूही शकत नाही, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे डोळ्यांसमोर होते. बाबा म्हणाले, "अगं, चाळीस वर्षं मुरलंय ते, आठ दिवसांत काय पळतंय व्हय? आधी मोजून तर घे." ते वाक्य आम्हाला तारून गेलं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा, माती नेणारा आणि माती किती न्यायची हे ठरवणारा, दोन्ही माणसं एक ठेवू नका. राज्याकडून सर्टिफाइड सबसरफेस इव्हॅल्युएटर, म्हणजे जमिनीखाली तेल किती पसरलंय ते तपासणारे, असतात, त्यांची यादी डीईपीकडे मिळते, त्यातला कुठल्याही खोदाईवाल्याशी संबंध नसलेला घ्या. आम्हाला भेटलेल्या बाई शांत, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिल्या भेटीत तेच दोन प्रश्न विचारले जे बाबांनी विचारले होते. तिसरा त्यांचा स्वतःचा: शेजारी कोणाची पिण्याची विहीर आहे का.

टाकी निघाली त्याच दिवशी पाच नमुने घेतले होते, चार बाजू आणि तळ. नमुना काचेच्या बरणीत काठोकाठ भरतात, बर्फात ठेवतात, आणि बरोबर चेन ऑफ कस्टडी नावाचा कागद जातो, बरणी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात किती वाजता गेली याची सही असलेला. त्याची कॉपी मागून घ्या. लॅबला १० दिवस, खर्च ८५०. रिपोर्टमध्ये बघायचा आकडा ईपीएच, म्हणजे तेलातल्या हायड्रोकार्बन्सची एकूण मोजणी. घराच्या अंगणासाठी मर्यादा किलोमागे ५,३०० मिलिग्रॅम. आमचा तळ ११,२००, घराकडची बाजू ६,३००, बाकी तिन्ही बाजू साडेतीनशेच्या आत. तो कागद मी चार वेळा वाचला. वाईट होता, पण पहिल्यांदाच संकटाला आकार आला. तेल चहूकडे नव्हतं, खाली आणि घराकडे गेलं होतं.

आता इन्शुरन्स. पॉलिसीत प्रदूषणाचा अपवाद असतो म्हणून लोक क्लेमच टाकत नाहीत. टाका, आणि खोदायच्या आधी टाका. आम्ही २ मे ला कळवलं, आणि टाकी भंगारात न देता ताडपत्री घालून ड्राइव्हवेवर ठेवली, कारण इन्शुरन्सवाल्यांच्या तज्ज्ञाला भोकं स्वतः बघायची असतात. तो १६ मे ला आला, फोटो काढले, लोखंडाची जाडी मोजली. स्वतःच्या जमिनीतली माती आम्ही भरत नाही असं उत्तर आलं. पण न्यू जर्सीत भूजल तुमच्या मालकीचं नसतं, ते राज्याचं, आणि तिथे धक्का लागला तर तो दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून बघितला जाऊ शकतो. म्हणजे पाण्याचं काय झालंय हे कळल्याशिवाय पुढे काहीच हलणार नव्हतं.

बोअरिंगची तारीख ७ जून होती. कॅनडातल्या वणव्यांचा धूर त्याच दिवशी इकडे आला, आकाश दुपारी नारिंगी झालं, बाहेर श्वास घेववेना, काम रद्द. एक आठवडा पुढे गेलं, १४ जूनला झालं. छोटं ट्रॅकवरचं मशीन येतं, स्टीलची नळी ठोकत खाली नेतं आणि पाच-पाच फुटांचा मातीचा गाभा पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत बाहेर काढतं. टेबलावर ती उभी चिरतात. सहा ठिकाणी बोअर घेतले. नऊ फुटांनंतर लाल दगडाचे पापुद्रे लागायला लागले, ड्रिलर म्हणाला वेदर्ड शेल, बाबा म्हणाले मुरूम, आणि दोघं एकच दगड हातात धरून मान हलवत होते. बाई दर फुटाला वास शोधणारं मीटर लावायच्या, पण त्यांनी सांगितलं की हीटिंग ऑइल पेट्रोलसारखं उडत नाही, त्यामुळे नुसत्या मीटरवर विसंबता येत नाही. संशय आला की मातीचा तुकडा बरणीत घालायचा, पाणी ओतायचं, हलवायचं आणि उन्हात धरायचं. पाच बोअरच्या बरण्यांत नुसतं लाल गढूळ पाणी. तिसऱ्या बोअरच्या, टाकी आणि घराच्या मधल्या, आठ ते दहा फुटांच्या बरणीत मात्र पाणी स्थिरावलं आणि वर रंग फिरले, पावसाळ्यात स्टँडवरच्या डबक्यात दिसतात तसे, जांभळा, हिरवा, सोनेरी. मी ती बरणी हातात धरून उभी होते आणि हात थरथरत होते.

पाणी लागलं अकरा फुटांवर. तिथे एक इंच जाडीचा, खाली चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप सोडून तात्पुरती विहीर केली आणि हळूहळू उपसून नमुना घेतला. (कायमची मॉनिटरिंग विहीर घ्यायची झाली तर परवाना आणि लायसनवाला ड्रिलर लागतो, खर्च वेगळाच.) दिवसाचा आणि लॅबचा मिळून ३,४०० डॉलर. २६ जूनला आकडे आले. बेन्झीन, म्हणजे तेलातलं विषारी रसायन, ज्याची न्यू जर्सीत भूजलाची मर्यादा तेव्हा लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कडक होती आणि ज्याच्या नावाने मला आठ दिवस झोप नव्हती, ते सापडलं नाही. टू-मिथाइलनॅफ्थलीन, हे तेलातलंच दुसरं रसायन, मात्र ६४, तेव्हाची मर्यादा ३०. नाव नसलेल्या इतर संयुगांची बेरीज १,९००, मर्यादा ५००. पाण्याला धक्का लागला होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेजारच्या आजींकडे गेले. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, त्यांचे टोमॅटोचे वाफे आमच्या कुंपणाला लागून आणि पाणी सरकत होतं त्यांच्याच अंगाला. बाईंनी कळवायच्या आधी आपण तोंडाने सांगावं असं मला वाटत होतं आणि घशाशी कोरड होती. त्यांना म्हटलं, टाउनचंच पाणी पिताय ना, विहीर नाही ना कुठे. नव्हती. आम्ही कुंपणाजवळ आमच्या हद्दीत एखादा बोअर घेतला होता का, असं त्यांनी विचारलं, मी नकाशावर सहावा बोअर दाखवला, तिथले आकडे दाखवले, माती स्वच्छ होती. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचला आणि मग मला एक पिशवीभर कोथिंबीर दिली. शेजाऱ्यांना लवकर सांगा, हातात आकडे घेऊन सांगा.

आमच्या बेसमेंटमध्ये संप पंप आहे, म्हणजे घराच्या पायाखालचं पाणी ज्या खड्ड्यात जमा होतं त्यातून ते उपसायचा पंप. तेल घराकडे आलंय म्हटल्यावर बाईंनी तिथलाही नमुना घेतला, स्वच्छ निघाला. तरी बाबा रोज सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन खाली जायचे, खड्ड्यातल्या पाण्यावर उजेड तिरका धरून बघायचे आणि वर येऊन सांगायचे, "आज बी काय न्हाई." मला त्या चार शब्दांचा किती आधार होता!

खोदाई जुलैत करायची माझी घाई होती, बाईंनी ऑगस्टअखेर सुचवली. कारण वसंतात भूजल वर येतं, उन्हाळाभर खाली जातं, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्याबरोबर खालीवर होत त्या पट्ट्यातल्या मातीला माखत जातं. पाणी खाली असताना तो पट्टा कोरडा मिळतो, उपसा कमी लागतो, आणि तेलकट पाणी टँकरने न्यायला गॅलनमागे पैसे पडतात. या काळात तीन कोटेशनं घेतली. हातात नकाशा आणि आकडे होते म्हणून सगळ्यांनी त्याच खड्ड्याचा भाव दिला. पंचावन्न हजारवाल्याला आम्ही परत फोन केला नाही.

२१ ते २३ ऑगस्ट, तीन दिवस. वरची चार फूट माती स्वच्छ ठरलेली, ती बाजूला ढीग करून ठेवली, तिचे पैसे वाचले. खालची ५८ टन माती ट्रकने गेली. प्रत्येक ट्रकची वजनपावती आणि माती कुठे गेली त्याचा कागद फाइलला लावून घ्या, रिपोर्टला जोडावा लागतो. घराच्या पायापाशी भिंतीला आधार देऊन जेवढं जाता आलं तेवढं गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्यात पाणी आलं, वर पातळ तवंग, तो टँकरने उपसला, १,९०० डॉलर. खोदाई, विल्हेवाट आणि सर्टिफिकेट असलेली नवी माती मिळून २४,६००. बुजवायच्या आधी कडांचे आणि तळाचे नमुने. १ सप्टेंबरला रिझल्ट, सगळे ६२० च्या आत, फक्त पायाखालचा एक २,३००. मला वाटलं परत खणावं लागणार. पण ५,३०० च्या खाली म्हणजे चालतं. फक्त १,००० च्या वर गेल्यामुळे त्याच नमुन्यात नॅफ्थलीन आणि टू-मिथाइलनॅफ्थलीन वेगळं तपासावं लागलं, तेही मर्यादेत निघालं. थोडं तेल घराखाली आजही आहे, हे मी स्वतःशी मान्य केलंय. नियमाप्रमाणे ते धोक्याच्या पातळीखाली आहे, आणि ते काढायला घर उचलावं लागलं असतं.

पाण्याचा नवीन नमुना २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी. सकाळी ड्रिलर होता, संध्याकाळी आम्ही घरच्या घरी बादलीत विसर्जन केलं. तीन दिवसांनी बाबा परत गेले. जाताना एअरपोर्टवरसुद्धा त्यांचा प्रश्न तोच, पाण्याचं कधी कळणार. ते पोचल्यावर आठवड्याने कळलं: टू-मिथाइलनॅफ्थलीन ९, बाकीची बेरीज ३१०. खात्री म्हणून २ नोव्हेंबरला परत घेतला: ४ आणि १४०. दोन्ही फेऱ्यांचे २,७००.

बाईंचा रिपोर्ट २० नोव्हेंबरला डीईपीकडे गेला, १८० पानं, बरोबर ४०० डॉलरची फी. बाईंची सुरुवातीपासूनची फी ३,२००. सगळी बेरीज ३९,२४५ डॉलर, त्यातले पाण्याच्या कामाचे म्हणून इन्शुरन्सने बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ११,००० मान्य केले. बाकी २८,२४५ आमच्या खिशातून, आणि त्यातले काही अजून फेडतोय. अंगणाचं गवत आणि डेक वेगळा. तुमचा आकडा वेगळाच येईल, जागेवर आणि पाण्याच्या खोलीवर सगळं अवलंबून असतं.

१७ जानेवारी २०२४ ला दुपारी ईमेल आला, नो फर्दर ॲक्शनचं, म्हणजे आता पुढे काही करायची गरज नाही असं डीईपीचं पत्र, दोन पानं, वर आमचा केस नंबर. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि रडले. मूळ पत्राच्या दोन प्रती काढल्यात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. घर विकताना पुढच्या मालकाला हेच लागतं.

भारतात तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते, तरी फोन लावला. बाबा जागेच होते. पत्र आलं म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, संपातलं पाणी बघितलंस का आज?" मी घरी गेले, कोट न काढता टॉर्च घेऊन खाली उतरले, फोन चालूच होता, उजेड तिरका धरला आणि त्यांना सांगितलं, आजही काही नाही.